नांदेडचा जावई, लातूरचा रेफ्री

लातूर जिल्हा वेगळा झाला तेव्हा नांदेडच्या कचेरीत मोठ्या साहेबांनी कारकुनांना विचारलं, "लातूरला जायला कोण कोण तयार आहे?" गुरुलिंगचा हात सगळ्यांच्या आधी वर गेला. निलंग्याजवळच्या खेड्यात तो जन्मला होता. साध्या दाखल्यासाठी बापाला उस्मानाबादच्या वाऱ्या करताना त्यानं लहानपणी पाहिलं होतं. आता आपला जिल्हा, आपली कचेरी. गावाकडं जायला मिळणार म्हणून तो हरखून गेला.

बायको नीलम्मा तेव्हा पोटुशी होती. तिचं माहेर नांदेडचंच. बाळंतपण तिथं होईल, बाळानं जरा बाळसं धरलं की ती लातूरला येईल, तोवर आपण खोली बघून ठेवू, असा त्याचा बेत होता. बेत काही वाईट नव्हता. पण त्या साली पावसानं दगा दिला. दिवाळी आली तरी विहिरींचं पाणी तळाशीच होतं, आणि संक्रांतीनंतर लातूरच्या नळाला कधी पाणी येईल हे नळवाल्यालाही सांगता येईना. नव्या जिल्ह्याच्या पाट्या रंगवून झाल्या, साहेबांच्या गाड्या आल्या, आणि गल्लीगल्लीत टँकरच्या वाटेकडं तोंड करून घागरींच्या रांगा लागल्या.

लातूरच्या गंजगोलाईच्या बाजारामागं त्यानं एक खोली घेतली होती. बारशाला जाऊन त्यानं लेकीचं तोंड पाहिलं. नाव उमा ठेवलं. त्यानंतर नीलम्माला आणायचा विषय काढला की तिचा थोरला भाऊ ईश्वरप्पा म्हणायचा, "दाजी, पाणी येऊ द्या. बाळंतीण बाईला काय टँकरच्या रांगेत उभी करता?"

गुरुलिंग एकट्यानं राहायला शिकला म्हणजे भाकरी थापायला शिकला, इतकंच. बाकी काही जमलं नाही. नीलम्माची एक सवय होती. रात्री बोलता बोलता तिला मधेच झोप लागायची आणि सकाळी डोळे उघडले की ती तेच वाक्य पुढं चालू करायची. लग्नाच्या सुरुवातीला त्याला त्याचं हसू यायचं. आता सकाळी जाग आली की तो उगाच थोडा वेळ पडून राहायचा. खोलीत कुणी बोलायचं नाही. मग उठून तो चूळ भरायचा, तीही तांब्यातलं पाणी बघून.

संध्याकाळ त्याहून वाईट. कचेरी सुटल्यावर खोलीकडं पाय वळत नसत, म्हणून तो मैदानावर जायचा. नांदेडला असताना तो ईश्वरप्पाच्या क्लबातून फुटबॉल खेळायचा. ईश्वरप्पाचं कापडाचं दुकान, पण जीव सगळा क्लबात. आपल्या टीमचा मधल्या फळीतला सरळ स्वभावाचा गडी बघूनच त्यानं बहीण दिली होती. पुढं गुडघा गेला तेव्हा गुरुलिंगनं नियमांचं पुस्तक वाचलं, परीक्षा दिली आणि तो रेफ्री झाला. लातूरच्या पोरांनी नव्या जिल्ह्याच्या नावानं टीम उभी केली होती. त्यांच्या सरावाला तो शिट्टी वाजवायचा. पोरं त्याला साहेब म्हणायची.

एका दुपारी कचेरीत नांदेडहून ट्रंककॉल आला. पलीकडं ईश्वरप्पा ओरडून बोलत होता.

"दाजी, तुमच्या लातूरच्या टीमला आम्ही मॅचला बोलावलंय. औरंगाबादचा रेफ्री ऐन वेळी येत न्हाई म्हणून राहिला. तुम्ही या."

"अण्णा, मी लातूरचा. तुमची पोरं मान्य करतील का?"

"तुम्ही आमचे जावई हाव. लातूरवाल्यांनाच इचारा ते मान्य करतेत का!" ईश्वरप्पा मोठ्यांदा हसला. मग आवाज जरा खाली आणून म्हणाला, "आणि असं करा, येताना रिकाम्या हातानं या. जाताना नीलम्माची ट्रंक हाय, पोर हाय. आमच्या अव्वानं लई बोलणी लावलीत मला. मॅच झाली की घरी जेवू, सकाळच्या गाडीनं तुमचं कुटुंब तुमच्या हवाली. शब्द हाय माझा."

फोन ठेवल्यावर गुरुलिंगला पुढची फाईल वाचता आली नाही. कचेरी सुटताच त्यानं बाजारातून झाकणाचा मोठा पत्र्याचा ड्रम आणला आणि खोलीच्या कोपऱ्यात बसवला. शेजारणीनं तो ड्रम बघून विचारलं, "बाई येऊन राहिल्या का?" तो नुसता "हाव" म्हणाला, पण त्याचं तोंड त्याला आवरता येईना.

मॅचच्या दिवशी नांदेडच्या मैदानावर ही गर्दी. जमीन तव्यासारखी तापलेली आणि तितकीच टणक. चेंडू टाकला की छातीएवढा उसळत होता. मॅचच्या आधी लातूरचा फॉरवर्ड व्यंकट त्याच्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, "साहेब, सासुरवाडीला आलाव. आमचं वाटुळं करू नका." दुसऱ्या बाजूनं नांदेडचा एक म्हातारा प्रेक्षक ओरडला, "जावईबापू, सासूच्या हातची गोड हुग्गी खायची असंल तर नीट बघा!" लोक हसले. गुरुलिंगही हसला. पत्र्याच्या शेडखाली खुर्ची टाकून बसलेल्या ईश्वरप्पानं त्याला हात केला.

खेळ चांगला झाला. दोन्हीकडं एकेक गोल झाला होता. संपायला थोडाच अवकाश राहिला तेव्हा नांदेडनं जोर लावला. त्यांची सगळी टीम पुढं चढली. डावीकडून चेंडू लातूरच्या गोलसमोर आला, आणि लातूरच्या एका बॅकनं तो जिवाच्या करारानं मैदानाच्या मध्यापर्यंत उडवून लावला. सगळ्यांच्या नजरा चेंडूमागं गेल्या. दोघे लाइन्समनही तिकडंच बघत होते. गुरुलिंग वळला, पण वळता वळता त्यानं एकदा मागं पाहिलं. चेंडू गेला की मागं राहिलेले गडी हिशेब चुकते करतात, हे खेळताना त्यानं स्वतः अनुभवलं होतं.

लातूरचा दुसरा बॅक गफूर आणि नांदेडचा फॉरवर्ड शेषेराव पेनल्टीच्या चौकटीत एकमेकांना भिडून उभे होते. गफूरची मूठ शेषेरावच्या बरगडीत गेली, आणि त्याच क्षणी शेषेरावचं कोपर गफूरच्या तोंडावर बसलं. एकाचं मारून झालं आणि मग दुसऱ्यानं उलट मारलं, असं नव्हतं. दोन्ही मार एकदम बसले. दोघे एकदमच कळवळून खाली बसले.

गुरुलिंगनं शिट्टी वाजवली आणि मैदान पेटलं.

"पेनल्टी! पेनल्टी!" नांदेडची पोरं चौकटीतल्या खुणेकडं बोटं दाखवत धावली.

"आधी त्यानं कोपर मारलं! किक आमची!" लातूरवाले ओरडले. गफूरच्या ओठातून रक्त येत होतं. शेषेराव बरगडी धरून बसला होता.

नियम अवघड नव्हता. मारणारे दोघेही बाहेर जाणार, यात वादच नव्हता. वाद होता खेळ पुन्हा सुरू कसा करायचा याचा. आधी गफूरनं मारलं असतं तर गुन्हा लातूरचा, तोही स्वतःच्या चौकटीत, म्हणजे नांदेडला पेनल्टी. मग शेषेरावनं उलट मारलं असतं तरी पेनल्टी फिरत नाही. किक पहिल्या गुन्ह्याची. आधी शेषेरावनं मारलं असतं तर किक लातूरची. आणि दोघांनी एकदम मारलं असेल तर किक कुणालाच नाही. शिट्टी वाजली तेव्हा चेंडू जिथं होता तिथं रेफ्रीनं तो दोघांच्या मधे टाकायचा.

गुरुलिंगनं हे सगळं पुस्तकात वाचलं होतं, पण त्या वेळी त्याच्या डोळ्यासमोर पुस्तक आलं नाही. नीलम्माची ट्रंक आली. हिरव्या रंगाची, लग्नात दिलेली. ती आता बांधून ओसरीवर ठेवली असेल. चौकटीतल्या खुणेकडं नुसतं बोट केलं की झालं. कुणी पाहिलंय? लाइन्समननं पाहिलं नाही. शेडखाली ईश्वरप्पा खुर्चीवरून उठून उभा राहिला होता. एक क्षण गुरुलिंगला मनापासून वाटलं, देवा, मला गफूरचा हात आधी दिसला असता तर! डोळे मिटून त्यानं ते पुन्हा आठवून पाहिलं. पुन्हा दोन्ही हात एकदमच आले.

त्यानं लाल कार्ड काढलं. आधी गफूरला दाखवलं, मग शेषेरावला. दोघे मान खाली घालून बाहेर गेले. मग तो चौकटीकडं न बघता सरळ मैदानाच्या मध्याकडं चालू लागला. नांदेडचा कप्तान त्याच्या मागं धावत आला.

"साहेब, पेनल्टी तिकडं हाय. तुम्ही कुठं निघालाव?"

"चेंडू इथं होता," गुरुलिंग म्हणाला. "दोघांचा फाऊल एकदम झालाय. एक गडी तुझा, एक त्यांचा. चेंडू जमिनीला लागल्याबिगर कुणी पाय लावायचा न्हाई."

कप्तान स्वतःच उभा राहिला, समोर व्यंकट. गुरुलिंगनं कमरेच्या उंचीवरून चेंडू सोडला. कप्तानानं रागाच्या भरात तो अधरच मारला. गुरुलिंगनं शिट्टी वाजवून चेंडू परत मागवला. प्रेक्षकांतून ढेकळं आली. एक त्याच्या पाठीला लागलं. त्यानं दुसऱ्यांदा चेंडू सोडला. टणक जमिनीवरून तो टणकन उसळला, आणि कप्तानाचा पाय त्याच्या खालून गेला. व्यंकटनं गुडघ्यावर घेऊन चेंडू पुढं ढकलला. नांदेडची सगळी टीम अजून पेनल्टीसाठी भांडत पुढंच उभी होती. त्यांचा गोलकीपरसुद्धा हातवारे करत जागा सोडून आला होता. व्यंकटनं लांबूनच मारलं. चेंडूनं एक टप्पा घेतला आणि गोलकीपरच्या डोक्यावरून आत गेला.

लातूर जिंकलं.

लातूरची पोरं नाचत होती, त्यातली दोघंतिघं गुरुलिंगला उचलायला आली. त्यानं हात जोडून त्यांना लांब केलं आणि तो शेडकडं गेला. ईश्वरप्पा तिथंच उभा होता. चेहरा लालबुंद.

"आधी कुणी मारलं, दाजी?"

"दोघांनी संगंच, अण्णा."

"संगं कुणी मारत नसतं. एकजण आधीच असतो."

"असंल. मला दिसला न्हाई."

ईश्वरप्पा चपला घालून निघून गेला. जेवायला चला, असं म्हणाला नाही.

गुरुलिंग नळावर तोंड धुवायला गेला आणि कितीतरी वेळ तिथंच बसला. परस्पर बसस्टँड गाठावा का, असंही मनात आलं. पण नांदेडात येऊन नीलम्माला न बघता जायचं त्याला जमण्यासारखं नव्हतं. दिवस मावळायच्या आत तो पायी सासुरवाडीला पोचला.

दार अव्वानं, म्हणजे सासू शांतम्मानं उघडलं. तिला मॅचचं सगळं कळलेलं होतं, गल्लीत दुसरा विषयच नव्हता. ती एवढंच म्हणाली, "धुळीनं माखलाव की. आंघोळ करा आधी. बंब तापलाय."

आतल्या दारात नीलम्मा उभी होती, कडेवर उमा. नीलम्मा भरली होती. चेहऱ्यावर बाळंतपणाचं तेज होतं. तिनं त्याच्याकडं बघून नुसत्या डोळ्यांनी विचारलं, काय झालं? त्यानं लेकीकडं हात केले. उमानं त्याच्याकडं एकदा पाहिलं आणि मोठ्यानं भोकाड पसरलं. आईच्या पदरात तोंड खुपसून ती काही केल्या वर बघेना. "नवखं माणूस हाय नव्हं," शांतम्मा सहज बोलून गेली. गुरुलिंगच्या ते जिव्हारी लागलं.

न्हाणीत काठोकाठ भरलेली बादली होती. तो आंघोळ करून आला तसं नीलम्मानं आत डोकावून पाहिलं.

"अवं, अर्धी बादली तशीच हाय की."

"झाली माझी."

"झाली कशी? मानंवर माती हाय अजून." मग तिच्या ध्यानात आलं. थोड्या वेळानं तिनं त्याच बादलीत उमाला बसवलं. पोर पाण्यात हात आपटून खिदळायला लागली, पाणी न्हाणीभर उडालं. गुरुलिंग ओसरीवरून ते बघत राहिला.

ईश्वरप्पा उशिरा आला. पानं मांडली. गव्हाची गोड खीर, हुग्गी, केलेली होती. जावई न्यायला येणार म्हणून सकाळीच गहू कांडून ठेवले होते. दोघे पुरुष खाली मान घालून जेवत होते. हात धुवायची वेळ आली तेव्हा ईश्वरप्पा बोलला.

"पेनल्टी तुम्ही खाल्ली, दाजी. शब्द मी खाणार न्हाई. सकाळी गाडी हाय. ट्रंक बांधलेली हाय."

मैदानापासून घरापर्यंत गुरुलिंग ज्या गोष्टीला भीत आला होता, ती नव्हतीच. त्याला रडू येतंय की काय असं झालं. तोंडात शब्द आला होता, 'नेतो.' पण नजर न्हाणीच्या ओल्या दगडावर गेली.

"अण्णा," तो म्हणाला, "उन्हाळाभर राहू द्या तिला. पोर लहान हाय. तिकडं पाणी न्हाई."

नीलम्मानं हातातली पळी खाली ठेवली.

"मला न्यायला आलाव का मॅच खेळवायला?"

"नीलम्मा—"

"पाणी न्हाई हे अण्णानं सांगितलं, अव्वानं सांगितलं, आता तुम्ही सांगून राहिलाव. मला कुणी इचारलं? रोज सांजच्याला मी दारात बसती. गाडीचा आवाज आला की बघती. तुमचं काय, तुम्हाला मैदान हाय." तिचा आवाज फुटला. भावासमोर नवऱ्याशी ती आजवर एवढं बोलली नव्हती. "सकाळी मी गाडीत बसणार. तुम्ही या न्हाईतर नका येऊ."

ईश्वरप्पानं बहिणीकडं पाहिलं, मग गुरुलिंगकडं. "आता यात मला मधी घालू नका," म्हणून तो उठला.

सकाळी नीलम्मा खरंच ट्रंकेवर बसलेली होती.

लातूरच्या खोलीत ती आली आणि खोलीचं घर झालं. तिनं चुलीची जागा बदलली, ड्रम घासला, शेजारणीकडून टँकरची वेळ काढून घेतली. पहिल्याच दिवशी ती रांगेत भांडून दोन घागरी आणून हसत उभी राहिली. गुरुलिंग कचेरीतून आता धावत घरी यायचा. मैदानावरची पोरं म्हणाली, साहेब हरवले. उमा त्याला सरावली, त्याचं बोट मुठीत धरून झोपायला लागली. सकाळी जाग आली की शेजारून आवाज यायचा, "...तर मी काय म्हणत होती..."

चैत्र लागला. टँकरचं पाणी गढूळ यायला लागलं. नीलम्मा उकळून, फडक्यानं गाळून पोरीला पाजायची. तरी एक दिवस उमाला जुलाब लागले. दुसऱ्या दिवशी पोर मान टाकून पडली. दवाखान्यात सलाईन लावलं. सुई टोचली तेव्हा तिला रडण्याइतकंही त्राण नव्हतं. ती वाचली. डॉक्टर म्हणाले, "हिला चांगल्या पाण्याच्या जागी न्या. इथं ठेवू नका."

या वेळी नीलम्मानं काही वाद घातला नाही. तिनंच ट्रंक भरली.

पुढं वर्षभरानं पाऊसपाणी झालं. मायलेकी लातूरला आल्या त्या कायमच्या. ईश्वरप्पा स्वतः पोचवायला आला आणि ओसरीवर बसून दाजीशी पेनल्टीवरून मनसोक्त भांडला. सगळं सुरळीत झालं. पण ते वर्ष मधे जायचं होतं, आणि ट्रंक भरली त्या दिवशी गुरुलिंगला ते माहीत नव्हतं.

त्या दिवशी नांदेडला निघालेल्या दुपारच्या एसटीत तो खिडकीशी बसला होता. ट्रंक पायाखाली होती, उमा मांडीवर. पोर हलकी झाली होती, फुलाच्या परडीसारखी, पण श्वास शांत चालला होता. नीलम्मा त्याच्या शेजारी. चारचौघांत ती कधी त्याला खेटून बसायची नाही, पण जागरणं झालेली होती. चाकूर सुटलं आणि तिचं डोकं त्याच्या खांद्यावर आलं. बाहेर काळी रानं भेगाळून पडली होती. एका जागी रोजगार हमीच्या कामावर बायका खडी फोडत होत्या, डोक्यावर पदर ओढून.

अहमदपूरला गाडी थांबली. कंडक्टर चहाला उतरला. गुरुलिंगला वाटलं, याला चांगला पेलाभर चहा मिळो, निवांत बशीत ओतून पिऊ दे. गाडी सुटली तेव्हा त्याला वाटलं, टायर फुटावा. त्याचा खांदा अवघडला होता, मांडीला मुंग्या आल्या होत्या, पण तो हलला नाही. लोहा आलं आणि गेलं. उतारू कमी झाले. उतरतं ऊन खिडकीतून नीलम्माच्या गालावर पडलं, तसा त्यानं हातानं आडोसा धरला.

तिला जाग आली. डोळे न उघडताच तिनं विचारलं, "कुठवर आलो?"

पुढं नांदेडच्या गिरणीची चिमणी दिसू लागली होती.

"अजून लई लांब हाय," गुरुलिंग म्हणाला. "झोप तू."